अर्जुना गुळव्याच्या मिरजेच्या खेपा

अर्जुना गुळव्याने मिरजेत बाई ठेवलीय, असं चौऱ्याण्णव साली आमच्या उंब्रजकडं सगळे कुजबुजत होते. कुणी म्हणे नर्स आहे, कुणी म्हणे कानडी बोलते. शेजारच्या भामाबाईनं तर तिच्या नाकात चमकीही घातली.

आता संशय येणारच की! गुऱ्हाळावर उकळता पाक बोटांवर घ्यायचा, थंड पाण्यात बुडवायचा, गोळी जिभेवर ठेवायची आणि मग काहील उतरवायला सांगायची, हे अर्जुनाचं काम. असा माणूस ऐन हंगामात दाढी करून, धुतलेला सदरा घालून कराडहून मिरजेची गाडी धरायचा. विचारलं की मिशीत हसायचा. त्यात जन्माची बिडी सोडली.

"तिला वास सोसत न्हाई वाटतं," भामाबाई म्हणाली.

त्याची बायको तानुबाई मात्र हसली नाही. बोचकं बांधून शिरवळला भावाकडं निघून गेली. अर्जुना एकट्यापुरत्या भाकरी थापायला लागला. त्याही उरायच्या.

एकदा मलाच म्हणाला, "तात्याबा, मिरजंला चला. दवाखान्यात संगं मानूस आना म्हनत्यात."

"गावात मीच घावलो व्हय रं?"

"आवं, तुमी खरं सांगितलं तरी कोन धरतंय?"

गावात मी थापाड्या म्हणूनच नावाजलेला. गेलो. डॉक्टरांनी नळी घालून त्याच्या फुफ्फुसातला डाग पाहिला, तपासायला कणभर तुकडा काढला. पुढच्या खेपेला समजावलं, "पेशीनं कसं वागायचं, कधी थांबायचं, हे तिच्या आत लिहिलेलं असतं. बिडीनं, धुरानं त्या लिखाणात चुका झाल्यात. हा अजून कॅन्सर नाही. अंगातल्या राखणीच्या पेशी या बिघडलेल्यांना ओळखून मारतायत. पण काही निसटल्या, तर पुढं कॅन्सर होईल."

"राखन जागी हाय न्हवं?"

"सध्या आहे. चार महिन्यांनी या."

बाहेर बाकड्यावर मी म्हणालो, "गड्या, तानुबाईला तरी सांग."

"तिला सांगितलं की भामाबाईला कळलंच. छातीचं दुखनं म्हंजे क्षयच म्हनत्यात लोकं. माझ्या जिभंला लागलेल्या हातानं केलेला गूळ कोन खाईल? काहिलीपाशी उभं करत्याल का मला? त्यापरीस बाई बरी."

गुऱ्हाळावर पोरं चमकीवरून चिडवत, तोही हसायचा. मग घरी जाऊन दार लावून घ्यायचा.

सत्त्याण्णवला डॉक्टर म्हणाले, डाग दिसत नाही, अंगानंच निस्तरलं, तरी दाखवत राहा. अर्जुना तिथूनच निघाला. गुळाची ढेप घेऊन आम्ही दोघं शिरवळला गेलो. तानुबाई उंबऱ्यात उभी राहून सगळं ऐकत होती.

"छातीत डाग व्हता, आन आपसूक गेला?"

"व्हय."

"म्हंजे ती सोडून गेली म्हना की."

मी शपथ घेतली. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ह्यो आनि साक्षीला!" म्हणाली आणि दार लोटलं. ढेप परत आणली.

तानुबाई परत आली नाही. मिरजेत अर्जुनाची कुणी बाई नव्हती. त्याच्या फुफ्फुसात कॅन्सरच्या आधीचा डाग होता आणि तो दाखवायला तो जात होता.