सकुबाईचं आवण

तिसऱ्या गावातूनही आम्ही रिकाम्या हातांनी बाहेर पडलो. माझ्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि सकुबाई बांधावरचा टाकळा खुडत निवांत चालली होती.

"सकाळपासून हिंडतोय, एक रोप मिळालं नाही, आणि तुम्हाला भाजी सुचते?" मी म्हटलं.

"भाजी आता दिसली, भाजी घेतली. आवण दिसंल तेवा आवण घेऊ."

आवण म्हणजे लावणीची भाताची रोपं. सकुबाईने पालापाचोळ्याचा राब भाजून त्या राखेत पेरलेलं आवण मोकाट म्हशींनी एका दुपारी फस्त केलं होतं. शेतात चिखल तयार, लावायला काडी नाही. नव्याने पेरायला उशीर झालेला. चार दिवसांत कुणाचं उरलेलं आवण मिळालं नाही तर शेत पडीक राहणार, आणि तिच्या घरचा वर्षाचा तांदूळ तेवढ्याच शेतातून येतो. दुसरी कुणी असती तर म्हशीवाल्याच्या दारात जाऊन बसली असती. ही म्हणाली, "देवानं कुठंतरी माझ्यापुरतं ठेवलं असंल. शोधाय पायजे."

मी तिच्या शेजारची, अंगणवाडीची बाई. रविवार होता म्हणून सोबत निघाले. रोज दिवा लावते, पोथी वाचते, पण असं बिनघोर राहणं मला जमलेलं नाही. सकुबाई धसईच्या बाजाराला जाते तेव्हा परतीची एसटी किती वाजता आहे ते विचारतसुद्धा नाही. नवरा गेला तेव्हा तिची मुलगी भिमी दुसरीत होती. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा कुठे होता हो तुमचा देव? ती म्हणाली, "ते नाय ठाऊक. पण दुसऱ्या दिवशी माझी चूल पेटली होती, आन् ती मी नव्हती पेटवली."

धसईच्या अलीकडे आलो आणि दोघी थबकलो. लावणी उरकलेल्या खाचरांच्या कडेला आवणाचा अख्खा वाफा हिरवागार उभा होता. बांधावर नथू फावडं धूत होता. तो सकुबाईच्या ओळखीचा.

"नथू, ह्ये आवण देतोस का?"

"माझं नाय ते. तिला विचार."

ती, म्हणजे त्याची बायको कमळाबाई, वीस पावलांवर पाठ करून गवत काढत होती. "लावलं ते माझं," ती गवताला म्हणाली. "उरलं ते त्यांचं. त्यांना विचार."

शेवटी त्यांच्या सुनेने, कुणालीने, पदराआड हसत उलगडा केला. कोलम पेरायचा की जाडा भात, यावरून दोघांचं बिनसलं आणि अबोला सुरू झाला. सासऱ्याने एका कोपऱ्यात पेरलं, सासूने न विचारता दुसऱ्या कोपऱ्यात. आवण दुप्पट झालं, पण जास्तीचं आपलं असं कबूल कोण करणार?

सकुबाई हसत हसत बांधावरच बसली. "दोघांचं नाय ना? मग मी उपटते."

"उपट," नथू म्हणाला.

"मुठी नीट बांध," कमळाबाई म्हणाली. महिन्याभरात दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, तेही एकमेकांकडे न बघता.

आवणाच्या बांधलेल्या मुठी डोक्यावर घेऊन परत निघालो. मानेवरून पाणी ओघळत होतं. मी विचारलं, "म्हणजे तुमच्या आवणासाठी देवाने यांचं भांडण लावलं?"

"भांडण त्यांचं त्यांनी केलं गो. त्यातनं माझं आवण त्यानं काढलं." ओढ्याशी तिने डोक्यावरच्या मुठी सावरल्या. मग म्हणाली, "नथूला उद्या लावणीला बोलावलाय. कमळाबाईलाबी. एकमेकांना सांगितलं नाय."

"अन् मग?"

"मला काय चिखलातनं वर येयाला टाइम नाय. अंगणवाडी सुटली का तुमी या, बाई. दोघांची भाकरी एकाच ताटात वाढा."