तबकडीचे सात तुकडे

डोकं तापलं की माझे हात माझे राहत नाहीत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी धुळ्यात एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो. पोरांच्या प्रॅक्टिकलच्या वह्या मी खिडकीबाहेर भिरकावल्या आहेत. पीएच.डी.ची मुदत संपत आली होती. वर्षअखेर पुण्याच्या परिषदेत पेपर वाचला नाही तर नोंदणी रद्द, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची हिंमत माझ्यात उरली नव्हती.

विषय होता ताऱ्याभोवती फिरणारी वायूची तबकडी. ती पुरेशी थंड झाली की स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणानं फाटते, तिचे लचके तुटतात, एकेका लचक्याचा गोळा होतो आणि मोठा गोळा लहानाला गिळतो. ही मारामारी आम्ही कॉम्प्युटरवर घडवायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्याहून लहान, पारोळ्याचा एक सहकारी. प्रोग्रॅम बराचसा त्याचाच. तबकडीचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात किती वायू आला-गेला ते मशीनला मोजायला लावायचं. चौकोन जितके बारीक तितकं उत्तर खरं, आणि तितका वेळ जास्त.

वेळ आणायचा कुठून? रोज दुपारी लाईट जायची आणि अर्धं गणित पाण्यात. मधलं गणित फ्लॉपीवर साठवायची सोय करू, असं तो म्हणत होता. मला कुठला दम! मी चौकोन चौपट मोठे केले. लाईट जायच्या आत गणित पुरं झालं आणि तबकडी फाटली. चांगले सात तुकडे. मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले.

गणपतीत मात्र लाईट जात नाही. त्या दहा दिवसांत त्यानं मला न सांगता चौकोन पुन्हा बारीक केले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी भर दुपारी प्रिंटआउट माझ्यापुढे ठेवला. तबकडी अखंड होती. आमचे तुकडे गुरुत्वाकर्षणानं पाडलेच नव्हते, माझ्या मोठ्या चौकोनांनी पाडले होते. कॉलेजात आम्ही शुद्ध बोलायचो, पण तेव्हा तो अहिराणीत हळूच म्हणाला, "भाऊ, हाई बठ्ठं खोटं शे."

तू माझ्यावर जळतोस, असं मी म्हटलं. तो नुसती मान हलवत राहिला आणि माझं टाळकं सटकलं. कीबोर्ड उपसून त्याच्या डाव्या कानावर हाणला. तो पडला, तरी वर लाथ घातली. कानातलं रक्त कॉलरवर उतरलेलं दिसलं तेव्हा कुठे थांबलो. लिहिताना लाज वाटते, वाटायलाच हवी. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानानं आता ऐकू येणं कठीण.

त्यानं तक्रार केली नाही. उलट मोठ्या चौकोनांनी खोटे तुकडे कसे पडतात, यावर नवा पेपर मला लिहून दिला. पुण्यात मी तो वाचला. लोकांना आवडला. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी विचारलं, ही चूक पकडली कोणी? तो अगदी मागच्या रांगेत बसला होता, उजवा कान पुढे करून.

"मी," मी म्हणालो. टाळ्या झाल्या. त्यानंही वाजवल्या.

परतीच्या एसटीत त्यानं विचारलं, भाऊ, ते शेवटचं काय होतं, मला नीट ऐकू आलं नाही. मी म्हटलं, चूक कोणी पकडली ते विचारत होते, मी तुझं नाव घेतलं. त्याला इतका आनंद झाला की चाळीसगाव येईपर्यंत त्यानं माझा हात सोडला नाही.