अंगठ्याएवढी थ्री फेज

वीस वर्षं मी नंदुरबारच्या एका शाळेत विज्ञान शिकवते आहे. विमान का उडतं, हे दरवर्षी फळ्यावर चार बलांचे चार बाण काढून सांगते. पण कागदी विमानापलीकडे स्वतः काही उडवलं नव्हतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत, मी रिमोटवर उडणारं छोटं विमान बांधायला घेतलं.

अंग फोमशीटचं. नाकावर प्लायवूडचा चौकोन चिकटवला, त्यावर चार स्क्रूंनी मोटर बसवली, मोटरच्या दांडीवर पंखा चढवला आणि बॅटरी जोडली. मोटर गुरगुरली, अडखळली आणि बंद पडली. पाठोपाठ जळक्या वॉर्निशचा वास.

तो वास आमच्याकडे सगळ्यांच्या ओळखीचा. शेतातल्या विहिरीतला पंप जळला की असाच येतो. म्हणून मोटर रुमालात गुंडाळून मी सरळ चाचांकडे गेले. मिरची मार्केटच्या रस्त्यावर त्यांचं मोटरी भरायचं दुकान आहे. सत्तरी ओलांडलेले चाचा माझ्या वडिलांच्या पंपाचंही वाइंडिंग भरून द्यायचे.

त्यांनी मोटर तळहातावर घेतली. जेमतेम अंगठ्याएवढी.

"बाई, हाई कसानी मोटर शे?"

"विमानाची. खेळण्यातल्या."

त्यांनी भिंग काढलं आणि बोटाने मोटरचं कवच फिरवलं. मधलं तांबं जागच्या जागी राहिलं, बाहेरचं कवचच फिरलं. मग त्यांनी वायरी मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या.

"तीन वायरी," ते हळूच म्हणाले. "हाई ते थ्री फेज शे."

हे मी वाचलं होतं; बॅटरीच्या विजेचे तीन फेज मधलं छोटं सर्किट करतं. पण दुकानात दोन माणसांनी उचलावी लागेल अशी पंपाची मोटर उघडी पडली होती, आणि तिच्याशेजारी चाचांच्या तळहातावर ही. आत तीच रचना, तेच तांबं.

दोष त्यांना लगेच सापडला. माझे स्क्रू लांब होते, त्यांची टोकं आतल्या तारेत घुसली होती. "तारले टोची ऱ्हायनात," ते म्हणाले. चूक माझीच होती.

भरायला दोन दुपारी लागल्या. शाळा बंद असल्याने मी समोर बसून राहिले. बारा बारीक दात, प्रत्येकावर केसासारख्या तारेचे वेढे. चाचांची बोटं जाड, नखं ग्रीसने काळी. त्या बोटांतून तार कुठेही न अडकता सरकत होती. त्यांचे ओठ हलत होते. वेढे मोजत होते ते.

दुसऱ्या दुपारी मी विमानही दुकानात नेलं होतं; मोटर बसवताना त्यांनी आखूड स्क्रू घेतले. मी सांगितलं, की तिचं तोंड किंचित खाली आणि उजवीकडे हवं.

"काबर?"

"पंखा एका बाजूला फिरतो, तेव्हा विमान डावीकडे ओढलं जातं. आणि जोर लावला की नाक वर जातं."

माझ्या वर्गात इतकं नीट कधी कोणी ऐकलं नव्हतं. त्यांनी पत्र्याचा तुकडा कापून पाचर केली, मोटरमागे सरकवली आणि एक डोळा मिटून कोन पाहिला.

बॅटरी जोडून मी विमान शेपटीकडून धरलं. पंखा फिरला, पण उलटा; वारा पुढे गेला आणि विमान माझ्याच पोटाशी दाबलं गेलं. घाईने मी बॅटरी काढली आणि उपाय शोधायला मोबाइल हातात घेतला. तोवर चाचांनी तीनपैकी दोन वायरी काढून अदलाबदल करून जोडल्या. बॅटरी लावताच पंखा सुलटा फिरला.

"पंपले बी असंच करतस."

रविवारी सकाळी आम्ही शहराबाहेर गेलो, जिथे मिरच्या वाळत घालतात. एक कडा मोकळी होती. रिमोट माझ्या हातात, विमान चाचांच्या. "सोडा," मी म्हणाले. त्यांनी दोन पावलं पळून ते फेकलं.

ते खाली गेलं, मग सावरलं आणि वर चढलं. लाल मिरच्यांच्या त्या पसाऱ्यावरून पांढरं विमान वळत होतं. देठं खुडणाऱ्या बायांचे हात थांबले होते. फळ्यावरचे माझे चारही बाण तिथे हवेत होते, आणि कुणीही ते काढलेले नव्हते. चाचांनी डोक्यावरची टोपी एका हाताने धरली होती आणि ते मान वर करून जागच्या जागी फिरत होते.

विमान गवतात उतरलं, थोडं घसरत. चाचा माझ्याआधी पोचले आणि त्यांनी मोटरवर बोट ठेवलं.

"कोंबट शे. तपनी नही."

मग तिथेच खाली बसले. "मन्ही सारी जिंदगी मोटरी इहिरमा उतारामा गई," ते म्हणाले. "हाई पहिली, जी वर गई."

बायांपैकी एकीने लांबूनच विचारलं, आता परत नाही का उडवणार? मी दुसरी बॅटरी पिशवीतून काढली.