पिस्तुलावरचा ठिपका

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडीच्या घरी दाढी करत होतो. "मामा, बाबा गेले..." एवढंच भाची म्हणाली आणि अर्ध्या गालावर साबण तसाच ठेवून मी खुर्चीत बसलो. त्या क्षणी मनात काय आलं ते लिहायला हात धजत नव्हता, आज महिन्याभरानं लिहितो आहे. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की चला, आता त्यांना सांगावं लागणार नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फौजेत आर्मरर होते, म्हणजे पलटणीतली हत्यारं तपासणं आणि दुरुस्त करणं हे त्यांचं काम. निवृत्तीनंतर त्यांनी पडेगावात दोन खोल्यांचं घर बांधलं आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची कुलपं, मिक्सर, शिलाई मशिनी फुकटात नीट करून देत राहिले. मी उलट. माझी सगळी नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात, क्वालिटी विभागात गेली. समोर आलेला माल खोटा आहे असं धरूनच तपासायचा, हा तिथला रिवाज. ती नजर सुटी झाल्यावर गेटवर ठेवून यायची असते म्हणे, मला ते कधी जमलं नाही. माझी बायको म्हणते, हा माणूस प्रसादाचा पेढाही उलटा करून बघतो.

निवृत्तीनंतर मला जुन्या वस्तूंचा नाद लागला. आधी निजामाच्या काळातली नाणी, मग अडकित्ते, आणि मग एक दिवस जुन्या बाजारात गोणपाटात गुंडाळलेलं ते पिस्तूल. ठासणीचं, घोडेस्वाराचं, लष्करी. बाजूच्या लोखंडी पट्टीवर मुकुट आणि साल ठोकलेलं. विकणारा पोरांच्या शपथा घेऊन ते अस्सल असल्याचं सांगत होता, त्यामुळे माझी शंका आणखी वाढली, पण हातातून सोडवेना. घेतलं आणि तडक पडेगाव गाठलं.

"हे उडतंय का?" दाजींचा पहिला प्रश्न. नळी शिशानं बुजवलेली होती, आतली स्प्रिंग तुटलेली. तरी त्यांनी मला पोलीस ठाण्यात धाडलं आणि ते कायमचं निकामी असल्याचं लेखी आणल्याशिवाय त्याला हात लावला नाही. कागद आणला तेव्हा कुठं चष्मा चढवला. मी मोठ्या हौसेनं मुकुट दाखवायला गेलो.

"मुकुट काय बघतूस, मुकुट कुणीबी ठोकील," दाजी म्हणाले. "आधी स्क्रू बघ. खाचा फाटल्या असल्या तर लई जणांनी खोललंय म्हणून समज. ह्या दारू ठासायच्या गजाला बिजागरी हाय बघ, घोड्यावर बसून भरताना हातातनं पडू नाय म्हणून. नकली करणारा एवढा कुटाणा करत नाय." मग त्यांनी अंगठ्याचं नख मुकुटावरून फिरवलं. "आन् खूण अन् लोखंड एका वयाचं पायजे. लोखंड म्हातारं आन् खूण कवळी दिसली, की कुणीतरी मागनं हात मारलाय."

त्यानंतर पाऊण तास ते एकेक भाग न्याहाळत राहिले. शेवटी म्हणाले, "आठ दिवस माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

माझ्या डोक्यात घंटा वाजली. आठ दिवस कशाला? किंमत का सांगत नाहीत? मोबाईलवर मी बघितलं होतं, जाणकार म्हणवणारे लोक नवख्याच्या हत्याराचा अस्सल घोडा काढून घेतात आणि नकली बसवून परत देतात. "पुढच्या रविवारी आणतो," म्हणून मी पिस्तूल घेऊन घरी आलो. सगळ्या बाजूंनी फोटो काढले. तेवढ्यानं समाधान होईना. मग कपाटातून सेंटर पंच काढला, कारखान्यात तपासलेल्या मालावर ज्यानं ठिपका मारायचो तोच, आणि मुकुटाच्या त्या पट्टीच्या खालच्या कडेला, कुणाला सहजी दिसणार नाही असा, मोहरीएवढा ठिपका मारला. आता बदलून दाखवा म्हटलं!

रविवारी पिस्तूल दाजींकडे ठेवून आलो, आणि आठ दिवसांनी त्यांनी ते परत दिलं. "अस्सल हाय. एकूणएक भाग एकमेकाचा हाय. तेल लावू नको, घासू तर अजाबात नको," एवढंच म्हणाले. मी घरी येऊन भिंग लावलं. ठिपका जागेवर होता. जीव भांड्यात पडला आणि, खरं सांगायचं तर, थोडा हिरमोडही झाला. मी धरलेला चोर निघालाच नव्हता.

पुढे दाजींनीच फौजेतल्या ओळखीनं किंमत ठरवायला पुण्याहून एका जाणकारांना बोलावून घेतलं. पडेगावच्या ओसरीवर, माझ्यासमोर, त्यांनी पिस्तूल हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. मग भिंग खालच्या कडेशी थांबलं.

"हे कुणी केलं? दीडशे वर्षं टिकलेली वस्तू, आणि तिच्यावर हा ताजा पंच?"

मी बशीतला चहा बघत बसलो. अक्का दारात उभी होती. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक... आणि दाजी म्हणाले, "माझ्या हातनं झालं साहेब. पंच निसटला."

"सगळी हयात फौजेत काढलीत ना? हेच शिकलात?" पाहुण्यांनी किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली आणि उठले. दाजी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येऊन मला म्हणाले, "पेरू घेऊन जा, दौलताबादचे हायेत."

एवढ्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटलीही. पण आमच्या डोक्याची घडणच वेगळी! रात्रभर तळमळत मी विचार काय केला, तर या माणसानं आळ स्वतःवर का घेतला असेल? यात यांचा फायदा काय? किंमत पडली म्हणजे हे आता माझ्याकडून स्वस्तात मागणार, अशी मी खूणगाठ बांधली आणि ते कधी विषय काढतात याची वाट बघत राहिलो. वर्ष गेलं. त्यांनी पिस्तुलाचं नावसुद्धा काढलं नाही. मी दर रविवारी जात होतो, ते माझ्या स्कूटरचे ब्रेक आवळून देत होते, आणि दर रविवारी मी ठरवत होतो की आज सांगू.

गेल्या रविवारी पिस्तूल घेऊन अक्काकडे गेलो. तिच्यासमोर ठेवलं आणि एका दमात बोलून टाकलं. ठिपका मी मारला होता, दाजी बदलतील म्हणून मारला होता, आधी सगळ्या बाजूंनी फोटोही काढून ठेवले होते, आणि त्या दिवशी माझी जीभ उचलली नाही.

अक्का तांदूळ निवडत होती, तिनं ताट बाजूला सारलं नाही.

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "तू ठेवून गेलास त्याच दिशी त्यांनी मला दाखवलं होतं. म्हणले, बघ, तुझ्या भावानं काय केलंय."

"मग मला का विचारलं नाही त्यांनी?"

"मी म्हणलं होतं, इचारा की त्याला. तर म्हणले, इचारलं तर तो यायचा बंद होईल. आपल्याकडं तुझ्या माहेरचं दुसरं कोण येतंय?"

मी पिस्तूल तिच्याकडे सरकवलं. म्हटलं, "अक्का, हे आता इथंच राहू दे. त्यांच्या कपाटात."

"फोटो काढून घेतोस का आधी?" अक्का म्हणाली.

"नको."

दाजींच्या लोखंडी कपाटात, त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यांवर तिनं पिस्तूल आणि पोलिसांचा कागद ठेवला, दार लावलं. मी चपला घातल्या, फाटकापर्यंत गेलो, आणि परत आलो. आत जाऊन कपाटाची कडी ओढून बघितली. अक्का बघत होती. आधी ती हसली, आणि मग पदर तोंडाला लावून रडायला लागली. मीही.