काका, एकदा रागवून टाका

आमच्या ह्यांना राग येत नाही, हे मी लग्न झाल्यापासून लोकांना कौतुकानं सांगत आले. हा गुण नव्हे, ही अडचण आहे, असं तोंडावर सांगणारी पहिली बाई म्हणजे अक्का.

अक्का सरकारी दवाखान्यात एक्स-रे काढते. ‘श्वास घ्या, धरा, सोडा’ एवढ्यावर तिचा दिवस चालतो. बुटकी, चपला फटाफट वाजवत चालणारी, आणि समोरच्याचं बोलणं पुरं होण्याआधीच उत्तर तयार असलेली. वयानं माझ्यापेक्षा खूप लहान, पण तिच्याकडे येणारी मुलं अक्का म्हणतात म्हणून मीही अक्काच म्हणते. ती मला काकू म्हणते. माझं म्हणणं पटलं नाही की मग ‘अहो काकू’ होतं. बहुतेक वेळा मी ‘अहो काकू’च असते.

ती डोंगरातल्या आदिवासी वस्तीवरची. तिच्या आजोबांनी मुकादमाच्या ट्रकमध्ये बसून वीटभट्टी गाठली, तिच्या बापानं तेच केलं, आणि तिनंही लहानपणी कच्च्या विटा उलट्यासुलट्या करून वाळवल्या. ती त्यातून बाहेर कशी पडली, हे विचारलं की म्हणते, “हळूहळू.” त्यापुढे शब्द नाही. पण डोंगरातून शहरात शिकायला, काम धरायला आलेली पोरं दिसली की ती त्यांना गाठते. दर शनिवारी दुपारी दवाखान्याच्या तळघरात, मोडक्या खाटा ठेवायच्या खोलीत, त्यांना जमवते आणि प्रत्येकाला एकेक जोडीदार लावून देते. जोडीदार म्हणजे आपल्या कामात मुरलेलं कुणीतरी. कुणी शिंपी, कुणी नर्स, कुणी गॅरेजवाला. त्यानं काम शिकवायचं आणि अडीअडचणीला सोबत राहायचं.

भाषण करायला मात्र सक्त मनाई. एकदा एक निवृत्त अधिकारी आले आणि आयुष्यात ध्येय कसं हवं ह्यावर सुरू झाले. अक्का म्हणाली, “साहेब, ह्या पोराचं बँकेत खातं उघडायचंय. तुम्ही त्याच्याबरोबर रांगेत उभे राहा. ध्येयाचं नंतर बघू.” साहेब उभे राहिले. अजून येतात, आणि आता तोंड मिटून येतात.

आमचे हे कवळ्या बनवतात. आमच्या घराची मागची खोली म्हणजे त्यांची लॅब. मेण, ते वितळवायची शेगडी, प्लास्टर, बरण्यांतून हसणारे दात. त्यांनी जोडीदार व्हायचं ठरवलं तेव्हा अक्का मुलाखतीला घरी आली. इकडेतिकडे न करता तिनं विचारलं, “तुम्हाला राग येतो का?”

“छे, छे.”

“कधीच नाही?”

“चुकूनसुद्धा नाही,” हे म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले.

मला वाटलं, झालं, पसंत पडले. अक्कानं कपाळाला आठी घातली आणि म्हणाली, “बघू.”

त्यांच्या वाट्याला आली ती शिडी. पोरगी एवढी उंच की मैत्रिणींनी तिचं नावच शिडी ठेवलेलं. उंचीची लाज वाटत असल्यासारखी ती पाठीत वाकून बसायची. पण हात असा, की मेणात दात बसवताना आमचे हे बाजूला होऊन नुसते पाहत राहायचे. वर्ष पुरं केलं की तिला परीक्षेला बसता येणार होतं. पास झाली की कुठल्याही लॅबमध्ये पक्की नोकरी. तिच्या घराण्यात पक्की नोकरी कुणी जवळून पाहिलेलीसुद्धा नव्हती.

एका बुधवारी ती तयार कवळी पॉलिशच्या चाकावर धरून बसली होती. चाक जोरात फिरतं, आणि हातातली वस्तू कधी कधी ओढून फेकून देतं. कवळी भिंतीवर आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. हे म्हणाले, “असू दे, असू दे.” तुकडे उचलून खणात ठेवले आणि चहा प्यायला कोपऱ्यावर गेले. परत आले तर शिडी नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. फोन बंद. वसतिगृहात विचारलं तर पेटी घेऊन गेली म्हणाले.

आता लोकांना काय, तोंड आहेच. शेजारीण म्हणाली, प्रेमप्रकरण असणार. माझ्या भावानं फोनवरून निदान केलं की ह्या मुलांना चिकाटीच नसते. मी फोन ठेवून दिला. शनिवारी आम्ही दोघं तळघरात गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. हे अगदी रडकुंडीला आले होते.

“अक्का, मी तिला एका शब्दानं बोललो नाही हो!”

“तेच तर,” अक्का म्हणाली. “काय म्हणालात नेमकं?”

“असू दे म्हणालो.”

अक्का मोडक्या खाटेवर टेकली. “काका, आमच्याकडे मालक ओरडला तर बरं असतं. ओरडला की संपलं. गप्प बसला, की समजायचं नुकसान आपल्या डोक्यावर कर्ज म्हणून लावलं. किती लावलं ते हंगाम संपताना कळतं. माझ्या बापाच्या हातून एक साचा फुटला होता. मालक म्हणाला, जाऊ दे रे. त्या जाऊ दे पायी आम्ही पुढचा सगळा हंगाम त्याच भट्टीवर काढला. मग माणसं काय शिकतात? काही मोडलं आणि मालक गोड बोलला, की चंबूगबाळं आवरायचं.”

“पण मी कुठे मालक आहे?”

“ते तिला कधी सांगितलंत?”

अक्का उठली. “उद्या सकाळी वस्तीवरून ट्रक निघतो. पोरगी त्यात बसली की सहा महिने गेले. परीक्षा गेली. आणि ह्या वयाची पोरगी भट्टीवर गेली की तिकडेच लग्न, तिकडेच पोरं. दोन मुलं घालवलीत मी अशी, उशिरा पोचले म्हणून. चला.”

“आत्ता?” मी म्हटलं.

“अहो काकू!”

निघालो. बस खडखडत डोंगर चढायला लागली. हे मनाशी पुटपुटत होते. काय म्हणून विचारलं तर म्हणाले, “तिला सांगणार आहे, बाळ, काही झालेलं नाही, तू मनाला लावून घेऊ नकोस.”

“अजिबात नाही,” पुढच्या बाकावरून अक्का वळली. “रागवायचं. चांगलं मोठ्यानं.”

“मला येत नाही हो.”

“सवय करा. काकूंवर रागवून बघा.”

हे माझ्याकडे वळले. मीही सरसावून बसले, म्हटलं, होऊन जाऊ दे. ह्यांनी छाती भरून घेतली, भुवया वर गेल्या. “तू... तू ना...” आणि मग म्हणाले, “खिडकी लावू का? वारा लागतोय तुला.”

अक्कानं कपाळावर हात मारला आणि पुढे तोंड करून बसली.

वस्ती फाट्यापासून आत चालत. शिडीचं घर म्हणजे एक खोली, वर पत्रा. दारात भलं मोठं गाठोडं बांधून तयार. भांडी, अंथरुणं, एक बादली वरून अडकवलेली. शिडीचा बाप दोरीची गाठ आवळत होता, आजी त्याला ती कशी आवळायची हे शिकवत होती. शिडी आम्हाला बघून भिंतीआड झाली, पण एवढी उंच मुलगी लपणार कुठे? अर्धं डोकं दिसतच होतं.

बापानं फळकुट पुसून बसायला दिलं. आम्ही टेकतो न टेकतो तोच तो ह्यांच्यापुढे उभा राहिला. “साहेब, पोरीच्या हातून मोडलं, ते खरं आहे. काय असेल ते सांगा. ती पण ट्रकवर येतेय. संध्याकाळी मुकादम येईल तेव्हा तिचं नाव सांगतो. दोघं मिळून फेडू.”

आता हे काय म्हणावेत? “अहो, काही नाही, काही नाही! असू दे...”

आजी एकदम म्हणाली, “बघ! हा पण असू देच म्हणतो.” आणि भिंतीआडचं अर्धं डोकंही खाली गेलं.

इतका वेळ मला वाटत होतं, अक्काचं हे काहीतरी तऱ्हेवाईक खूळ आहे. त्या क्षणी कळलं, ती म्हणत होती ते शब्दशः खरं आहे. आमच्या सभ्यपणानं ती मुलगी आमच्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढायला निघाली होती.

“काका,” अक्का दात आवळून म्हणाली, “एकदा रागवून टाका. मी पाया पडते.”

हे उभे राहिले. घाम पुसला. “शिडी, इकडे ये.” ती आली, मान खाली. “तू त्या दिवशी... म्हणजे ते कवळीचं...” हे अडखळले. मी डोळेच मिटले. आणि मग अचानक ह्यांचा आवाज बदलला. तो आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता.

“मेणाची शेगडी कुणी चालू ठेवली?”

शिडीनं वर पाहिलं.

“मी परत आलो तर खोलीभर धूर! पडदा हातभर अंतरावर! बाजूच्या खोलीत ही झोपलेली! अगं, कवळी गेली खड्ड्यात, कवळ्या मोडतातच, मी मोडतो, माझा गुरू मोडायचा! पण पेटती शेगडी सोडून जातं का कुणी? अख्खं घर पेटलं असतं! माझी बायको जळाली असती! अक्कल काय गहाण टाकली होतीस?”

धुराचं हे मी तिथे, त्या अंगणात, पहिल्यांदा ऐकलं. मला काळजी नको म्हणून ह्यांनी सांगितलंच नव्हतं. त्याचा हिशेब मी घरी आल्यावर केला, तो वेगळा.

हे थांबेनात. मान लाल झाली होती. बाप दोरी सोडून उभा राहिला, शेजारची माणसं गोळा झाली. शिडी लहान मुलीसारखी मोठ्यानं रडायला लागली. “चुकलं काका, चुकलं, माझ्या ध्यानातच राहिलं नाही!”

“ध्यानात राहिलं नाही म्हणे!” हे शेवटचं ओरडले, आणि हवा गेल्यासारखे फळकुटावर बसले. “कुणीतरी पाणी द्या हो.”

शिडीनंच आणलं.

आजीनं अक्काला विचारलं, “झालं?”

“झालं.”

“किती लावलं?”

“काही लावलं नाही, आजी. ओरडले, संपलं.”

आजीचा विश्वास बसला नाही. ती काठी टेकत ह्यांच्यासमोर आली आणि वाकून ह्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. “खरंच संपलं?”

“संपलं हो. घसा बसला माझा.”

“एवढंच?” आजी सरळ उभी राहिली. “ह्याच्यापेक्षा जास्त तर मी रोज ओरडते हिच्यावर.”

आधी शेजारीपाजारी हसले, मग बाप, मग रडता रडता शिडी. बापाला मात्र आणखी एक विचारायचं होतं. “साहेब, पुन्हा मोडलं तर?”

“पुन्हा ओरडेन,” हे म्हणाले. एवढ्या आत्मविश्वासानं, की मला हसू आवरेना.

बाप खाली बसला आणि इतक्या मेहनतीनं आवळलेली गाठ सोडायला लागला. गाठोड्यातून एक घागर काढली, एक घोंगडी काढली, अगदी तळाशी हात घालून शिडीचे कपडे काढले आणि ते तिच्या हातात दिले. आजी म्हणाली, “आता हे सगळं पुन्हा बांधायचं कुणी?” आणि स्वतःच बांधायला बसली.

मुकादम यायच्या आत आम्ही फाट्यावर होतो. मला एकदम कडकडून भूक लागली. तीन दिवसांत पहिल्यांदाच. फाट्यावरच्या टपरीवर होती तेवढी केळी आम्ही चौघांनी उभ्याउभ्या संपवली आणि सालं हातात धरून वेड्यासारखे एकमेकांकडे बघून हसत राहिलो.

बसमध्ये अक्का माझ्याशेजारी बसली. थोड्या वेळानं आपणहून म्हणाली, “काकू, मी शिकाऊ होते तेव्हा फिल्मचा अख्खा डबा उजेडात उघडला होता. सगळ्या फिल्म वाया. मोठ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, होतं असं. मी दुसऱ्या दिवशी पहाटे पळाले.”

“मग? आणायला कोण आलं?”

“कोण येणार? दीड वर्षानं माझी मीच आले.” आणि तिनं डोळे मिटून डोकं मागे टेकलं. खांदे सैल सोडून बसलेली अक्का मी तोवर पाहिली नव्हती.

पुढच्या बाकावर शिडी आणि हे. शिडी कपड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. घसा साफ करून म्हणाली, “काका, त्या चाकाचा पट्टा ढिला झालाय. म्हणून कवळी ओढली गेली. मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं. तुम्ही बघू, बघू म्हणालात.”

ह्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी काही मदत केली नाही.

“मग ओरडायचं होतंस माझ्यावर,” हे शेवटी म्हणाले.

शिडीनं ह्यावर विचार केला. वाकून बसली होती ती सरळ झाली, आणि तिचं डोकं बसच्या रॅकला धाडकन लागलं.

“सोमवारी आधी पट्टा बदलायचा,” डोकं चोळत ती म्हणाली. “कवळी त्यानंतर.”

“बरं,” हे म्हणाले.