शुक्रवारचा बॅकअप

रत्नप्रभा रातांबे पहिल्यांदा माझ्या लक्षात आली ती १९९२च्या श्रावणात, धसईच्या शाळेत. पाचवीची हजेरी घेऊन मी फळ्याकडे वळलो होतो. दोन वेण्या घातलेली एक मुलगी टेबलाशी येऊन उभी राहिली. हजेरीचं पान तिने उलट्या बाजूने वाचलं असणार.

"गुरुजी, काल मी नव्हते. तुमी हजर लावलंय."

"बरं, राहू दे."

"नाय गुरुजी. मी नव्हते."

मी खोडेपर्यंत ती हलली नाही.

पुढे तिने कल्याणला संगणकाचा डिप्लोमा केला आणि मुरबाडजवळच्या एका औषधाच्या कारखान्यात कंत्राटावर लागली. तोवर मी निवृत्त होऊन मुरबाडला राहायला आलो होतो. संध्याकाळी धसईची गाडी यायला वेळ असला की ती आमच्याकडे चहाला थांबे आणि दिवसभराचं काम सांगे. मला त्यातलं निम्मं कळे, पण तिची सांगण्याची रीत चांगली होती.

कारखान्यात तयार होणाऱ्या औषधांच्या तपासणीचे सगळे कागद संगणकाच्या एका मोठ्या साठ्यात ठेवलेले असत. साऱ्या कचेरीचे संगणक त्या साठ्याला जोडलेले. आठवड्यातून एकदा त्या साठ्याची नक्कल, म्हणजे बॅकअप, दुसऱ्या यंत्रात जाई. त्या यंत्राला ती व्हर्च्युअल टेप म्हणे.

"आत टेप नसतेच, गुरुजी. डिस्कच असतात. पण जुन्या प्रोग्रॅमला टेपवर लिहायची सवय, म्हणून हे यंत्र टेपचं सोंग घेतं."

"म्हणजे बहुरूपी."

"बहुरूपीच. फक्त आमचा सध्या फार हळू चालतोय."

हे २००८ सालचं. त्या वर्षी आमच्याकडच्या कारखान्यांची वीज दर शुक्रवारी सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत बंद असे. कारखान्याला सुट्टी असे, फक्त औषधांची थंड खोली आणि संगणकाची खोली जनरेटरवर चालत. साठ्यावर कोणी काम करत नसे, म्हणून बॅकअपही शुक्रवारीच. सकाळी आठला आपोआप सुरू होई आणि सात तासांत संपायला हवा. पण हे यंत्र बसवल्यापासून लागोपाठ अकरा शुक्रवार तो संपला नव्हता. पहिला तासभर बरा चाले, मग जो मंदावे तो शनिवारी सकाळी कामगार येईपर्यंत अर्धाच झालेला असे आणि तोडावा लागे.

ठाण्याहून यंत्रवाल्या कंपनीचा संदेश नावाचा इंजिनियर दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा बुधवारी. बुधवारी करून पाहिलेला बॅकअप धो धो चाले. "पहिल्या तासानंतर बारीक बारीक फाइल्स लागतात, म्हणून मंदावतो," असं सांगून तो गेला. रत्नप्रभाने फाइल्सचे गट पाडले, वायरी बदलल्या, व्हायरस तपासणारा प्रोग्रॅम बंद ठेवून पाहिला. शुक्रवार आला की पुन्हा तेच.

मग साहेबांनी तिला सांगितलं, "या शुक्रवारी झालं नाही, तर पुढच्या महिन्यापासून तुमचं कंत्राट वाढवता येणार नाही."

ती आमच्याकडे आली तेव्हा चहा तसाच निवला. "शुक्रवारी मी स्वतः बसून बघते. पण बंद कंपनीत एकटी नको म्हणते आई. तुमी याल?"

साहेबांची परवानगी काढून मी गेलो. सोबत डबा आणि वर्तमानपत्र. आठला बॅकअप सुरू झाला. पडद्यावरचे वेगाचे आकडे ती वहीत उतरवत होती. नऊला वीज गेली, मिनिटभरात जनरेटर लागला; तोवर सगळं बॅटरीवर. वेग जराही कमी झाला नाही. ती माझ्याकडे बघून हसली.

सव्वानऊच्या सुमारास दार उघडून कारखान्याचे वायरमन दामूमामा आत आले. टोकावड्याचे, शेतकरी घरातले, वीस वर्षं तिथेच. निवृत्तीला चार महिने उरलेले. रत्नप्रभाला या नोकरीची बातमी यांनीच दिली होती.

"गुरुजी, तुमी हिकडं? शाळा भरवली काय?" म्हणत ते कोपऱ्यात गेले आणि भिंतीवरचं एक बटण खाली केलं. तिथल्या लहान पेटीचे हिरवे दिवे विझले.

पडद्यावरचा आकडा एक दशांशावर आला.

रत्नप्रभाने पेन खाली ठेवलं. "मामा, हे काय केलंत?"

"पंखा उगाच फिरतोय गो तिचा. सुट्टीचं कोन बसलंय हितं? डिझेल काय नदीतून येतं? वाचवायचा हुकूम हाय सायबांचा."

"किती दिवस करताय?"

"ही पेटी बशीवली तवापासून. लाइट आली का परत लावतो. इसरलो नाय कदी," ते अभिमानाने म्हणाले.

साठ्यापासून बहुरूप्यापर्यंतची वेगवान वाट यंत्राबरोबरच बसवलेल्या त्या पेटीतून जात होती. बाकी यंत्रांसारखी तीही बॅटरीवर होती, पण तिची वीज भिंतीवरच्या त्या बटणातून दिलेली. ती बंद झाली की काम तुटू नये म्हणून जुनी, अरुंद वाट ठेवली होती; आणि एकदा ती वाट धरली की बॅकअप संपेपर्यंत तीच. पेटीवर पांढरी चिठ्ठी होती: बंद करू नये. इंग्रजीत. रत्नप्रभाच्या अक्षरात. दामूमामांचं शिक्षण मराठी चौथी.

ती चिठ्ठीकडे बघत राहिली. मीही. या खोलीत बटणाला हात लावणारा माणूस एकच होता, आणि त्याला वाचता येणार नाही अशी चिठ्ठी आमच्या धसईच्या मुलीने लिहिली होती.

मामांनी पेटी लावली, तिने बॅकअप पहिल्यापासून सुरू केला. दुपारी साडेचारला तो पूर्ण झाला. कंत्राट वाचलं, असं मी समजलो.

सोमवारी कारण लिहून द्यायचं होतं. संदेशने फोनवर सुचवलं, "केबल खराब होती, बदलली, असं लिहा मॅडम. विषय संपला." तिने तसं लिहिलं नाही. मामांनी डिझेल वाचवण्याच्या हुकुमाप्रमाणे पेटी बंद केली, बंद न करण्याची सूचना त्यांना समजेल अशी मी लिहिली नाही, दोष माझा, असं लिहिलं.

मामांना कोणी काही बोललं नाही. आठवड्याने रत्नप्रभाला कळवण्यात आलं की, आपल्या खोलीतली पेटी बंद होते हे जिला अकरा आठवडे समजलं नाही, तिचं कंत्राट वाढवणं योग्य होणार नाही.

मी तिला म्हणालो, "अगं, केबल लिहिलं असतंस तर?"

"तर पुढची माणसं केबलच बदलत बसली असती, गुरुजी."

दामूमामा साहेबांकडे जाऊन आले. त्यांना दारातूनच परत पाठवलं. त्या संध्याकाळी ते आमच्या ओटीवर तासभर बसून राहिले.

रत्नप्रभा सध्या कल्याणच्या एका रक्तपेढीत संगणक सांभाळते. सकाळी साडेसहाच्या एसटीने धसईहून जाते आणि रात्री आठपर्यंत घरी येते.