घाईमावशी थांबली

दूध वर यायच्या आतच गॅस बंद करायचा, हा तिचा शिरस्ता. त्यामुळे तिच्या घरात कुणी धड उकळलेलं दूध प्यायलं नव्हतं. बस दिसायच्या आधी पाय उचलणाऱ्या या बाईला सगळी वस्ती घाईमावशी म्हणायची. ती आरोग्यसेविका झाली तेव्हा लोक म्हणाले, बरं झालं, बोलावलं की लगेच येईल. येतही होती, बिचारी, चप्पल उलटसुलट घालून.

पण सुरक्षित बाळंतपणाच्या प्रशिक्षणात तिचं घोडं अडलं. दुपारी त्या खोलीत पंखा संथ फिरायचा, पडद्यातून पिवळा उजेड यायचा आणि शिकवणाऱ्या सिस्टरचा आवाज लांबून आल्यासारखा वाटायचा. सिस्टरनं जुन्या चादरीचं पोट शिवलं होतं. आत लाल स्पंजची वार, म्हणजे बाळामागून पडते ती, टिचबटणानं अडकवलेली, तिला नाळ म्हणून फीत. मागून सिस्टर बटण सोडायची, तेव्हाच वार बाहेर यायला हवी. मावशीचा हात मात्र आपोआप फितीकडे जायचा. टर्र! बटण चादरीच्या तुकड्यासकट हातात.

बाकीच्या बाया हसत. सिस्टर हसत नसे. ती सांगायची की वार आपणहून सुटते, ओढली तर बाईचं रक्त थांबत नाही, आणि घरच्या घरी हा हट्ट जिवावर बेततो. मावशीला सगळं तोंडपाठ होतं. हातालाच ते पटत नव्हतं.

शेवटी फाटलेलं पोट शिवायला ती घरी घेऊन आली. सुनेचे दिवस भरत आले होते. तिनं सासूच्या हातातून सुई घेतली, दुहेरी दोऱ्यानं बटण पक्कं केलं आणि सहज म्हणाली, "आई, माझ्या वेळी असं ओढू नका हं." दोघी हसल्या. मावशीला त्या रात्री झोप लागली नाही.

पुढे आठवडाभर तिला एकच स्वप्न पडायचं. एक लांबच लांब फीत पाण्यावर तरंगतेय, आणि तिचं टोक आपल्या मुठीत आहे.

सुनेला कळा लागल्या त्या अचानक, भर दुपारी. दवाखान्यात न्यायला गाडी बोलावली, सिस्टरला फोन केला, पण बाळाला आजीचाच स्वभाव. गाडीच्या आधी तेच आलं. मुलगी. पुसली, रडली, आईच्या छातीवर पांघरुणात गेली. इथवर मावशीचे हात सराईतासारखे चालले.

मग घर एकदम गप्प झालं. नाळ समोर होती. वार पडली नव्हती. मावशीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले आणि रक्तावर नजर ठेवून बसली. भिंतीवरचा उन्हाचा तुकडा पाण्यासारखा हलत होता. आपण जागे आहोत की त्या स्वप्नात, हेच तिला उमगेना.

"आई, काहीतरी करा ना," सून पुटपुटली.

"करतेय, बाळा," मावशी म्हणाली. "थांबतेय."

स्वयंपाकघरात मुलानं चहासाठी दूध ठेवलं होतं आणि तो गाडी बघायला दारात गेला होता. दूध चढल्याचा आवाज आला. मावशीच्या खांद्यात एक उसळी उठली आणि विरली. दूध उतू गेलं, ओट्यावरून खाली ओघळलं, घरभर करपट वास पसरला. ती हलली नाही.

सुनेला एक हलकी कळ आली, आणि वार आपणहून बाहेर आली. अख्खी.

सिस्टर धापा टाकत आली. तिनं सुनेचं पोट चाचपलं, वार उलटसुलट करून पाहिली, रक्त पाहिलं आणि सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं. मग नाक मुरडून विचारलं, हा जळका वास कसला?

"दुधाचा," मावशी म्हणाली, आणि मांडीखालून मुंग्या आलेले हात काढून तिनं नात मागितली.